माझं घड्याळ चालू ठेवा

पहिल्या फेरीत मी हरले तेव्हा माझ्या ब्लाउजवर दुधाचे दोन ओले डाग होते, आणि समोर बसलेली शाळकरी मुलगी माझ्याकडे बघायचं टाळून पटाकडे बघत होती. बिचारीला लाज वाटत होती. मला नव्हती वाटत. मला राग आला होता.

ही महिलांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेची गोष्ट. त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. मेहकरात अजूनही कुणी ना कुणी तो विषय काढतंच, आणि वाक्य ठरलेलं असतं : "लेकरू घरी ठेवलं असतं तं पयला नंबर तुमचाच होता, मॅडम." मी शाळेत शिकवते, चारचौघांत वाद घालणं बरं दिसत नाही, म्हणून हसून सोडून देते. पण ते वाक्य मला एकदाही पटलेलं नाही. आज सगळं सांगूनच टाकते.

मी मूळची बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावची. आमच्या घरासमोर एका चाचांचं शिलाईचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी त्यांना मान वर करायला फुरसत नसायची, पण एरवी दुपारी ते मशीन बंद करत आणि माझ्या वडिलांबरोबर पट मांडून बसत. त्यांचा डाव देशी. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. मी बघून बघून शिकले आणि अकराव्या वर्षी दोघांनाही हरवायला लागले. मग कुणीतरी बुलढाण्याच्या जिल्हा स्पर्धेत माझं नाव घातलं. तिथं पहिल्याच डावात मी माझा राजा घोड्यासारखा उडवला. आधी समोरचा मुलगा हसला, मग शेजारचे हसले, आणि पंचांनी राजा उचलून परत जागेवर ठेवला.

घरी येऊन मी रडले. दुसऱ्या आठवड्यात चाचांनी कुठून तरी नियमांचं एक मराठी पुस्तक मिळवलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"बेटी, आपला कायदा गावातला होता," ते म्हणाले. "आता त्याईचा कायदा शिकू, अन् त्याईलेच हरवू."

त्यांनी आणि मी ते पुस्तक ओळ न ओळ वाचलं. पुढच्या वर्षी मी जिल्ह्यात पहिली आले.

लग्न होऊन मेहकरला आले. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्याला बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं, पण माझा पट त्यानं कधी माळ्यावर टाकला नाही. राज्याच्या निवड स्पर्धेला गेले तेव्हा मला सहावा महिना चालू होता. पोट टेबलाला टेकायचं म्हणून खुर्ची मागं सरकवून, हात लांब करून सोंगट्या हलवायचे. त्या स्पर्धेतून माझी निवड झाली. राष्ट्रीय स्पर्धा लागली तेव्हा मुलगी सात महिन्यांची होती.

ती बाटली घेत नव्हती. चमचा, वाटी, झारी, सगळं करून झालं. तोंडात घातलेलं ती थुंकायची आणि मग असं ओरडायची, की शेजारच्या बाया विचारायला यायच्या. नवऱ्याला पंधरा दिवसांची रजा मिळणं शक्यच नव्हतं. घरी माझ्या जाण्यावर बैठक बसली. नणंद म्हणाली, पुढच्या वर्षी जाशील. चुलत सासरे म्हणाले, बाईमाणसाला आता काय करायचंय खेळून. मी भिंतीला टेकून ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर माझीही तयारी झाली होती 'नाही' म्हणायची.

तेव्हा माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, निवडायला घेतलेलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मी येतो संगं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आत्याबाई तोवर शेगावच्या पलीकडं गेलेल्या नव्हत्या.

"माय, तुले हिंदी तरी येते काय?" नवऱ्यानं विचारलं.

"लेकराले कोनती येते?" त्या म्हणाल्या. "मले रेल्वेत बसाचंच होतं. हिचं खेळनं होईन, माह्यं बसनं होईन."

अशा आम्ही तिघी निघालो. मेहकरहून बसनं अकोला, तिथून गाडीनं दक्षिणेतलं ते मोठं शहर. प्रवासभर आत्याबाई खिडकीशी बसून होत्या आणि बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक शेताला नावं ठेवत होत्या.

स्पर्धा एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये होती. पहिल्या चाळीस खेळींना प्रत्येकीला दोन तास, त्यानंतर उरलेल्या डावाला एकेक तास. तेव्हा काट्यांची घड्याळं होती. वेळ संपत आली की मोठा काटा एक लाल झेंडी उचलून धरायचा, आणि वेळ संपली की ती झेंडी टपकन पडायची. झेंडी पडली की डाव गेला, पटावर तुमची कितीही चांगली परिस्थिती असो.

पहिल्या दिवशी आत्याबाई लेकराला घेऊन हॉलबाहेरच्या वऱ्हांड्यात बसल्या. दीड तासानं रडणं ऐकू आलं. आईला तो आवाज शंभरांत कळतो. मी उठले, बाहेर जाऊन पाजलं, परत आले. पुन्हा रडणं, पुन्हा उठले. माझ्या घड्याळातली पन्नास मिनिटं त्यात गेली. पटावर माझा एक हत्ती जास्त होता. तेहतिसाव्या खेळीला माझी झेंडी पडली.

तेवढ्यावर भागलं नाही. डाव संपल्यावर मुख्य पंचांनी मला टेबलापाशी बोलावलं. तिथं एका मोठ्या शहरातल्या संघाचे प्रशिक्षक उभे होते. त्यांची तक्रार होती, की रडण्यानं त्यांच्या खेळाडूंचं लक्ष उडतं, आणि मी पुन्हा पुन्हा बाहेर जाते, तिथं मला कुणी खेळी सांगत नसेल कशावरून?

"कोण सांगणार?" मी विचारलं.

त्यांनी वऱ्हांड्याकडं हात केला. तिथं आत्याबाई नऊवारीचा पदर खोचून लेकराला खांद्यावर थोपटत होत्या.

मला हसू आलं, पण पंचांना नाही आलं. ते आधी इंग्रजीत, मग हिंदीत समजावायला लागले. अडचण आहे हे दिसतंच आहे, अकरा फेऱ्या आहेत, पहिली तर गेलीच, आत्ताच नाव मागं घेतलं तर कुणी वाईट म्हणणार नाही. ते प्रेमानं बोलत होते. मला तेच जास्त लागलं.

मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "नियम दाखवा. बाळाला पाजू नये असं कुठं लिहिलंय, तेवढी ओळ दाखवा."

त्यांनी पुस्तक चाळलं. खेळाडूनं खेळाची जागा सोडून बाहेर जाऊ नये, असं होतं. वऱ्हांडा बाहेरच धरला जायचा.

"मग मला आत जागा द्या," मी म्हणाले. "पाहिजे तर माणूस बसवा पहाऱ्याला. मला एक मिनिटही वाढवून नको. माझं घड्याळ चालू ठेवा. पण मी उठणार, आणि पाजणार."

माझ्या हिंदीला मागं कुणीतरी फिसकन हसलं. पंचांनी मात्र पुस्तक मिटलं. मग उठून हॉलच्या कडेचं एक दार उघडून आले. मोडक्या खुर्च्या आणि जुने फलक ठेवायची ती खोली होती, पण तिला हॉलमधूनच वाट होती. म्हणजे नियमानं आत. थोडंफार मराठी समजणारी एक स्वयंसेवक मुलगी दाराशी बसवली. तिनं ऐकायचं, की आम्ही डावाबद्दल बोलत नाही.

आत्याबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी गालाला हात लावला. "मी सांगतो तुले? बाप्पा! मले त्यातलं घोडं तेवढं ओळखू येते, अन् तेही कान हायेत म्हनून!"

दुसऱ्या दिवसापासून मी खेळायची पद्धतच बदलली. सुरुवातीच्या दहा-बारा खेळी भराभर खेळायच्या, म्हणजे वाचलेला वेळ खोलीसाठी राहतो. पाजताना पट डोळ्यांपुढं धरायचा. आत्याबाई हळूच विचारायच्या, "कोन जिंकून राह्यलं वं?" दाराशी बसलेली मुलगी ओठांवर बोट ठेवायची. आत्याबाई पुटपुटायच्या, "पोटातलं पोटातच ठेवा म्हनते ही." चार दिवसांनी तीच मुलगी लेकराला मांडीवर घेऊन बसायला लागली.

मी जिंकत गेले. पहिल्या फेरीत हरल्यामुळं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत माझ्या वाट्याला नवख्या मुली आल्या, पण नंतर चांगल्या चांगल्या आल्या. दहाव्या फेरीपर्यंत सात डाव जिंकले, दोन बरोबरीत सोडवले. माझे आठ गुण झाले. माझ्यापुढं एकच खेळाडू होती, नऊ गुणांवर. एकोणीस-वीस वर्षांची, शांत, डोळ्यांवर जाड चष्मा. ती त्या तक्रार करणाऱ्या प्रशिक्षकांचीच शिष्या. शेवटची, अकरावी फेरी आमच्या दोघींत लागली.

आदल्या संध्याकाळी ते प्रशिक्षक आमच्या उतरण्याच्या जागी आले. या वेळी लेकरासाठी खुळखुळा आणला होता. तुम्ही फार छान खेळलात, म्हणाले. उद्या दहा-बारा खेळी करून बरोबरी करून टाकू. ती पहिली, तुम्ही दुसऱ्या. हरलात तर चौथ्या-पाचव्या जाल, कशाला उगाच? बाळही दमलंय.

मी म्हणाले, विचार करते. आणि मी खरंच विचार करत होते. राष्ट्रीय स्पर्धेत दुसरी! धाडपासून मेहकरपर्यंत कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

ते गेल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हने तो खुळखुळेवाला?"

"म्हणे उद्या खेळून न खेळल्यासारखं करा. ती पहिली, मी दुसरी."

आत्याबाईंनी लेकराचा लंगोट झटकून दोरीवर टाकला. "अन् तुले जिंकता येते काय तिच्यासंगं?"

"येतं की. नाहीही येत. खेळल्याशिवाय कसं कळणार?"

"मंग मले काय इचारतं?" त्या म्हणाल्या आणि दुसरा लंगोट पिळायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडं काळ्या सोंगट्या होत्या. तिला बरोबरी पुरत होती, म्हणून ती सावध खेळत होती. वजिराला वजीर मारून टाकला, हत्तीला हत्ती मारून टाकला, पट मोकळा करत आणला. सतराव्या खेळीला खोलीतून आवाज आला. मी उठले. त्या दिवशी लेकरू काही केल्या शांत होईना. दात येत होते तिला. परत आले तेव्हा माझ्या घड्याळात एकवीस मिनिटं उरली होती आणि तेवीस खेळी करायच्या होत्या. तिच्याकडं तासाभराहून जास्त वेळ होता.

मी बसल्याबसल्या माझी खेळी केली. तिनं उत्तराची खेळी केली, घड्याळाची कळ दाबायच्या आधी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "ड्रॉ?"

मी पटाकडं बघितलं. तिचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागं अडकला होता. माझा घोडा मोकळा होता. फार काही नव्हतं, पण काहीतरी होतं. आणि माझ्या मनात त्या वेळी फक्त एवढंच आलं, की या माणसांनी अकरा दिवस मला जायला सांगितलंय. आधी नाव मागं घे म्हणून जा, आता दुसरी हो आणि जा. तोंडातून मराठीतच निघालं, "नाही."

तिला शब्द कळला. तिनं कळ दाबली.

पुढचा अर्धा तास मला धड आठवत नाही. खेळीवर खेळी, कळीवर हात. अडतिसाव्या खेळीला लाल झेंडी आडवी उचललेली होती. चाळिसावी खेळी करून कळ दाबली तेव्हा माझ्या मागं उभे असलेले पंच खाली वाकून झेंडीकडं बघत होते. ती पडली नव्हती. आता दोघींना एकेक तास मिळाला, आणि माझं एक प्यादं जास्त झालं होतं.

आणि पुन्हा रडणं ऐकू आलं. या वेळी सगळ्या हॉलला ऐकू आलं. आजूबाजूचे डाव संपले होते, लोक आमच्या पटाभोवती गोळा झालेले. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उठले आणि त्यांच्यामधून वाट काढत खोलीत गेले. तिथं मला एखादी विलक्षण खेळी सुचली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी लेकराला पाजलं, आत्याबाईंनी माझ्या कपाळाचा घाम पदरानं पुसला, एवढंच. परत येऊन बसले. दहा-बारा खेळींनी तिचा राजा एक घर चुकीच्या बाजूला गेला. मग माझं प्यादं कुणाला थांबवता आलं नाही.

तिनं हात पुढं केला. डोळे भरले होते, पण हात घट्ट होता. थोड्या वेळानं ती त्या मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत आली, आपल्या प्रशिक्षकांना बाहेर ठेवून, आणि म्हणाली, "मी बाळाला बघू?" आत्याबाईंनी काही न विचारता लेकरू तिच्या हातात दिलं.

आम्हा दोघींचे नऊ-नऊ गुण झाले. बरोबरी फोडायला नियम होता : जिच्याशी जिच्याशी खेळलो, त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज करायची. जिची बेरीज मोठी ती पहिली. पंच कागद घेऊन बसले. मीही एक कागद मागून घेतला आणि त्यांच्यासमोर बसून स्वतः बेरीज केली. दोनदा केली. तिची बेरीज माझ्यापेक्षा अर्ध्या गुणानं जास्त आली. पंचांची बेरीज बरोबर होती. अजिंक्यपद तिला मिळालं आणि मी दुसरी आले.

आत्याबाईंना हे समजावणं सगळ्यांत कठीण गेलं. "दोघी सारख्याच ना? मंग तिलेच काऊन?"

मी सांगितलं, की पहिला डाव हरले, म्हणून पुढं कच्च्या मुली वाट्याला आल्या, म्हणून माझी बेरीज कमी पडली. परतीच्या गाडीत अर्धा दिवस त्यांनी बाहेरच्या एकाही शेताला नाव ठेवलं नाही. मग म्हणाल्या, "म्हंजे लेकरापाई गेलं तुह्यं. मी थ्या दिवशी तिले थोडं दूर नेलं असतं तं तुले आवाजच नसता आला."

"आत्याबाई," मी म्हणाले, "आवाज आला नसता तर मी चिंतेनं हरले असते. तुम्ही काही केलं नाही, लेकरानंही नाही. असं पुन्हा बोलू नका." सुनेनं सासूला असं सुनावायची आमच्याकडं रीत नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला.

मेहकरला शाळेच्या सभागृहात सत्कार झाला. शाल, नारळ, हार. गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ अध्यक्ष होते. त्यांनी माझं भरभरून कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, की घरच्यांनी आठ-दहा दिवस लेकरू सांभाळलं असतं, तर आज आपण पहिल्या क्रमांकाचा सत्कार करत असतो. लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत आत्याबाई बसल्या होत्या. त्यांची मान खाली गेली.

आभाराचे दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरले.

"साहेब," मी म्हणाले, "लेकरू घरी राहिलं असतं तर मीही घरीच राहिले असते. पहिला नंबर नाही, शेवटचाही आला नसता. लेकरू आणि माझ्या सासूबाई संगं आल्या म्हणून मी तिथं बसले आणि देशातल्या सगळ्यांत पुढच्या खेळाडूला हरवलं. मी दुसरी आले, हे मला कमी वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर ही शाल परत घ्या."

अध्यक्ष हसले, पण शाल परत घेतली नाही. मागच्या रांगेतून डेपोतल्या कुणा मेकॅनिकनं जोरात टाळी वाजवली. तो माझा नवरा होता की त्याचा मित्र, यावर घरी अजून एकमत नाही.

पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेचं पत्रक आलं. त्या वर्षीचे आयोजक वेगळे, गाव वेगळं. सूचनांमध्ये सगळ्यात खाली एक नवी ओळ छापली होती : खेळाडूंनी लहान मुलांना सोबत आणू नये. मी ती ओळ आत्याबाईंना वाचून दाखवली.

"ही सूचना हाये का कायदा?" त्यांनी विचारलं.

"सूचना."

"मंग भर अर्ज."

अर्जात सोबत येणाऱ्यांचा एक रकाना होता. त्यात मी 'दोन' असा आकडा लिहिला, खाली सही केली आणि लिफाफा स्वतः पोस्टात टाकून आले. आम्ही तिघी गेलो. दारावर कुणी अडवलं नाही. त्या वर्षी मी सातवी आले.